झीज कोणाच्या वाट्याला? : कोरड्या घर्षणाचे शास्त्र आणि कळव्याची लोकल

मराठी भाषेत ‘झिजणे’ या क्रियापदाला मोठा मान आहे. चंदन झिजते तेव्हा सुगंध दरवळतो. मुलांच्या शिक्षणासाठी आईबाप झिजतात. कचेऱ्यांचे उंबरठे झिजतात, आणि एका दाखल्यासाठी चपला झिजवाव्या लागतात. या सर्व प्रयोगांत एक प्रश्न दडलेला आहे : दोन वस्तू एकमेकींवर घासल्या असता त्यांपैकी कोणी झिजायचे? भाषेत हा प्रश्न आपण भावनेवर सोडून देतो. अभियांत्रिकीत मात्र त्याचे उत्तर आधीच ठरवावे लागते, आणि ते मोजून तपासावे लागते. घासणाऱ्या पृष्ठभागांच्या या अभ्यासाला ‘ट्रायबॉलॉजी’ म्हणतात. ‘घासणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव १९६६ साली इंग्लंडमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीच्या अहवालाने रूढ केले. घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिले, तर त्या एका देशाचे वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंड वाचतील, असा त्या अहवालाचा अंदाज होता.

या विषयाचा एक भाग ‘कोरडे सरकते घर्षण’ हा आहे. जिथे तेल किंवा ग्रीस घालता येत नाही, किंबहुना घालणे धोक्याचे असते, अशा जागांचा हा अभ्यास. त्याची उत्तम उदाहरणे शोधण्यासाठी कळवेकरांना दूर जावे लागत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यापर्यंत धावली. पुढच्याच वर्षी लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणला पोहोचला. आज मध्य रेल्वेच्या लोकल गाड्यांची देखभाल करणाऱ्या कुर्ला, सानपाडा आणि कळवा या कारशेडांपैकी एक आपल्या दाराशी आहे. तिथे रोज येणाऱ्या गाड्यांच्या चाकांजवळ आणि छपरावर हे शास्त्र प्रत्यक्ष घडत असते. आपल्या शाळेचे अनेक विद्यार्थी आयटीआय, पदविका वा अभियांत्रिकी शिक्षणाकडे वळतात. त्यांना आणि त्यांच्या पालकांना या विषयाची ओळख व्हावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

१. घर्षण वेगळे, झीज वेगळी

पहिला गैरसमज दूर करू. जास्त घर्षण म्हणजे जास्त झीज, असे आपण गृहीत धरतो. ते खरे नाही. घर्षण हे बल आहे, तर झीज हे पदार्थाचे नुकसान आहे. घर्षणबलाला दाबाच्या बलाने भागले की ‘घर्षणांक’ मिळतो. २० न्यूटन दाबाखालील वस्तू सरकवण्यास ८ न्यूटन बल लागले, तर घर्षणांक ०.४. झीज मात्र घनमिलिमीटरमध्ये किंवा मिलिग्रॅममध्ये मोजतात. या दोन आकड्यांचा परस्परसंबंध पदार्थागणिक बदलतो.

घरातला नॉनस्टिक तवा पाहा. त्यावरील लेप ज्या पदार्थाचा असतो, तो पीटीएफई १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना सापडला. कोरड्या अवस्थेत त्याचा घर्षणांक ०.०५ ते ०.१ इतका अल्प असतो. घन पदार्थांमध्ये तो सर्वांत निसरड्यांपैकी एक आहे. तरीही लोखंडी उलथने लागले की तवा ओरखडतो आणि शुद्ध पीटीएफई घासले असता भराभर झिजते. याच पदार्थात काचतंतू, कार्बन किंवा कांस्याची पूड मिसळली, तर घर्षणांक फारसा बदलत नाही, पण झीज शेकडो पटींनी कमी होऊ शकते. उलट बाजूने पाहिले, तर चांगल्या ब्रेकमध्ये घर्षण भरपूर आणि झीज कमी हवी असते. म्हणून ‘हा पदार्थ चांगला आहे का?’ या प्रश्नाला अर्थ नाही. कोणत्या कामासाठी, कशावर घासताना, किती दाबाने, किती वेगाने आणि कोणत्या हवेत, हे सांगितल्याखेरीज घर्षणाचा किंवा झिजेचा कोणताही आकडा अपुरा असतो.

२. स्पर्श दिसतो तेवढा नसतो

१६९९ साली फ्रान्समध्ये गियोम आमाँतों यांनी दोन नियम मांडले. घर्षणबल दाबाच्या प्रमाणात वाढते, आणि ते दिसणाऱ्या स्पर्श-क्षेत्रफळावर अवलंबून नसते. वीट आडवी ठेवा किंवा उभी ठेवा, ती ओढायला जवळजवळ तेवढेच बल लागते. हे असे का, याचे समाधानकारक उत्तर विसाव्या शतकात केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी दिले. कितीही गुळगुळीत केलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली सह्याद्रीच्या रांगेसारखा दिसतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की फक्त शिखरे शिखरांना टेकतात. ती शिखरे दबून चपटी होतात आणि भार पेलण्यापुरता स्पर्श तयार झाला की थांबतात.

हिशेब करून पाहू. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेल्या एका संमिश्राची ८ मिलिमीटर व्यासाची कांडी घ्या. तिच्या टोकाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर. तिचे काठिण्य प्रत्येक चौरस मिलिमीटरला १००० न्यूटन आहे असे माना. २० न्यूटन भाराखाली खरा स्पर्श केवळ ०.०२ चौरस मिलिमीटरचा होईल, म्हणजे दिसणाऱ्या क्षेत्राच्या अडीच हजारांत एक भाग. सारा भार, सारी उष्णता आणि सारी झीज या चिमूटभर बिंदूंवर एकवटते. म्हणूनच वस्तू हाताला कोमट लागत असतानाही स्पर्शबिंदूंचे तापमान क्षणभर शेकडो अंशांवर जाऊ शकते.

३. झीज कशी होते?

झिजेचे मुख्य प्रकार चार. पहिला, चिकटून होणारी झीज : शिखरे एकमेकांना जोडली जातात आणि सुटताना मऊ पदार्थाचा तुकडा उचलला जातो. दुसरा, ओरखड्याची झीज : कठीण कण किंवा कठीण शिखर मऊ पृष्ठावर नांगरासारखे चालते. तिसरा, थकव्याची झीज : पुनःपुन्हा पडणाऱ्या दाबाने पृष्ठाखाली भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात. चौथा, रासायनिक झीज : तापलेल्या पृष्ठावर ऑक्साइडचा थर बसतो, घासून निघतो आणि पुन्हा बसतो. प्रत्यक्षात हे प्रकार एकत्र नांदतात.

यांशिवाय एक पाहुणा असतो. सुटलेली भुकटी दोन पृष्ठांच्या मध्ये अडकते आणि स्वतःच घासू लागते. तिला ‘तिसरा पदार्थ’ म्हणतात. ती कठीण असेल तर दोघांनाही खाते. ती मऊ असेल, सारवल्यासारखी पसरली असेल, तर दोघांचेही रक्षण करते. चांगल्या संमिश्राची रचना बहुतेक वेळा या तिसऱ्या पदार्थाची रचना असते. घासता घासता समोरच्या पृष्ठावर एक पातळ, चिवट थर आपोआप बसावा, अशी घटकांची निवड केलेली असते.

आपल्या आजींना हे शास्त्र नावाने ठाऊक नव्हते, पण अनुभवाने ठाऊक होते. जात्याचे दगड झिजून गुळगुळीत झाले की दाणे भरडले जात नाहीत, म्हणून जात्याला टाकी द्यावी लागे. वजनाच्या दृष्टीने जाते फारसे घटलेले नसे, तरी ते निकामी झालेले असे. झीज म्हणजे केवळ माप कमी होणे नव्हे, तर पृष्ठाचे काम संपणे, हा त्यातला अर्थ. नव्याने टाकी दिलेल्या जात्याचे पहिले पीठ अनेक घरांत बाजूला काढीत, कारण त्यात दगडाची कचकच येई. झिजलेले कुठे जाते, हा प्रश्न त्या घरांनी विसरू दिला नव्हता. या लेखाच्या शेवटी आपल्याला तोच विचारायचा आहे.

४. झीज मोजायची कशी?

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रयोगशाळांत यासाठी ‘पिन-ऑन-डिस्क’ नावाचे यंत्र असते. कठीण पोलादाची तबकडी फिरते. तिच्यावर नमुन्याची कांडी ठराविक भाराने दाबून धरतात. कांडीमागचा संवेदक घर्षणबल नोंदवतो. प्रयोगाआधी आणि नंतर कांडी स्वच्छ करून संवेदनशील तराजूवर तोलतात.

वरचीच कांडी घेऊ. ती तबकडीच्या केंद्रापासून ४० मिलिमीटरवर टेकली आहे. एका फेऱ्यात ती सुमारे ०.२५ मीटर घासली जाते आणि ४००० फेऱ्यांत सुमारे १००० मीटर. समजा वजन ४ मिलिग्रॅमने घटले. घनमिलिमीटरला २.८ मिलिग्रॅम घनता धरली, तर नाहीसे झालेले आकारमान सुमारे १.४३ घनमिलिमीटर. त्याला भार आणि अंतर यांच्या गुणाकाराने, म्हणजे २० × १००० ने, भागले की झीजदर मिळतो : न्यूटन-मीटरला सुमारे ०.००००७ घनमिलिमीटर. कांडीची उंची घटली ती केवळ २८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पस्तिसावा भाग. एक किलोमीटर घासल्यावर एवढेच! म्हणूनच डोळ्यांवर विसंबता येत नाही.

१९५३ साली आर्चर्ड यांनी मांडलेला नियम या मोजमापाचा पाया आहे. झिजलेले आकारमान भाराच्या आणि सरकलेल्या अंतराच्या सम प्रमाणात, तर काठिण्याच्या व्यस्त प्रमाणात असते. नियम सोपा आहे, पण त्याची एक मर्यादा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. भार दुप्पट केला की झीज दुप्पट, हे एका टप्प्यापर्यंतच खरे असते. तो टप्पा ओलांडला की संरक्षक ऑक्साइडचा थर टिकत नाही, धातू धातूला भिडतो आणि झीज एकाएकी दहापट, शंभरपट होते. हलक्या भारावरच्या चाचणीतून जड भाराचे भाकीत करणे म्हणूनच धोक्याचे. कांडी झिजली नाही म्हणून आनंद मानण्यापूर्वी तबकडीही तोलावी. सिलिकॉन कार्बाइडच्या कणांनी ॲल्युमिनियमची झीज कमी होते खरी, पण तेच कण समोरच्या पोलादाला कानशीसारखे घासू शकतात. झीज कधी कधी थांबत नाही, ती केवळ शेजाऱ्याच्या वाट्याला जाते.

५. ब्रेक-ब्लॉक : बीड ते संमिश्र

आता कारशेडकडे वळू. बारा डब्यांच्या भरलेल्या लोकलचे वजन ६०० टन आणि वेग ताशी ८० किलोमीटर असे धरून चाला. तिची गतिज ऊर्जा सुमारे १४८ मेगाज्यूल, म्हणजे विजेचे ४१ युनिट होते. एवढ्या उष्णतेने ५०० लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. केवळ घर्षणाने गाडी थांबवायची, तर दर थांब्याला ही सर्व उष्णता ब्रेक-ब्लॉक आणि चाक यांच्यामधल्या त्या चिमूटभर स्पर्शबिंदूंतून बाहेर पडते.

पूर्वी ब्लॉक बिडाचे असत. बीड स्वस्त आहे, उष्णता चांगली वाहून नेते आणि पावसातही बऱ्यापैकी पकड देते. त्याचे दोष दोन. त्याचा घर्षणांक वेगाबरोबर बदलतो. वेग जास्त असताना, म्हणजे गरज असते तेव्हा, पकड कमी मिळते आणि थांबताना ती एकदम वाढून हिसका बसतो. शिवाय बीड चाकाचे धावपृष्ठ खडबडीत करते. खडबडीत चाक रुळावर मोठा आवाज करते. युरोपात या आवाजामुळे रुळांलगतच्या वस्त्यांचे आरोग्य हा सार्वजनिक प्रश्न बनला आणि २०२० पासून स्वित्झर्लंडने बिडाचे ब्लॉक असलेल्या गोंगाटी मालडब्यांना बंदी घातली. रुळांना लागून राहणाऱ्या आपल्या वस्त्यांना या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

संमिश्र ब्लॉक हा अनेक घटकांचा संसार असतो. सर्वांना बांधून ठेवणारे फिनॉलिक रेझिन किंवा रबर, बळकटी देणारे पोलादाचे, काचेचे वा ॲरामिडचे तंतू, जागा भरणारे बॅराइट, घर्षण आवरणारे ग्रॅफाइट, घर्षण वाढवणारी ॲल्युमिनाची बारीक पूड. अनेक मिश्रणांत आणखी एक घटक असतो आणि तो कोकणाशी नाते सांगतो. काजूच्या टरफलातून निघणाऱ्या दाहक तेलापासून बनवलेली भुकटी ब्रेकच्या अस्तरांत जगभर वापरली जाते. ती ब्लॉकला थोडी लवचीकता देते आणि घर्षण समतोल राखते. ज्या तेलाने काजू सोलणाऱ्या बायकांचे हात भाजतात, तेच तेल अशा रीतीने ब्रेकच्या उपयोगी पडते.

घटकांचे प्रमाण बदलून अभियंता घर्षणांक हवा तिथे आणू शकतो, आणि वेग बदलला तरी तो बराच स्थिर राहतो. म्हणून संमिश्र ब्लॉकचे दोन गट केलेले आढळतात : सुमारे ०.२५ घर्षणांकाचे आणि सुमारे ०.१७ घर्षणांकाचे. ज्या गाडीची ब्रेक-योजना एका गटासाठी आखली आहे, तिला दुसऱ्या गटाचा ब्लॉक बसवला, तर थांबण्याचे अंतर बदलते. दिसायला सारख्या दोन ब्लॉकांत इतका फरक असू शकतो. सुटे भाग बसवणाऱ्या हातांची जबाबदारी इथे उघड होते.

संमिश्रालाही दोष आहेत. ते उष्णता नीट वाहून नेत नाही, त्यामुळे उष्णतेचा मोठा वाटा चाकाला सोसावा लागतो आणि चाकावर तापभेगा पडण्याचा धोका वाढतो. ओल्या चाकावर त्याची पकड बिडापेक्षा अधिक घसरू शकते. थोडक्यात, ब्लॉकने झिजायचे आणि चाकाने टिकायचे, हा येथील करार आहे. ब्लॉक स्वस्त असतो आणि चटकन बदलता येतो, चाक महाग असते आणि त्यावर गाडीची सुरक्षा उभी असते. चाक झिजले, तर लेथवर कातून त्याचा आकार पुन्हा आणावा लागतो आणि प्रत्येक कातणीत त्याचे आयुष्य घटते.

२००७ पासून मुंबईत आलेल्या नव्या लोकल गाड्यांत ब्रेक लावताना मोटारच जनित्र बनते आणि वीज तारेत परत जाते. त्यामुळे ब्लॉकवरचा भार पुष्कळ हलका झाला. तरीही अगदी कमी वेगात, गाडी उभी करून ठेवताना आणि आणीबाणीच्या क्षणी शेवटचा आधार घर्षणाचाच असतो.

६. छपरावरची पट्टी आणि वरची तार

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी धावली. तिचा दाब होता १५०० व्होल्ट, एकदिश. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील हा जुना प्रवाह टप्प्याटप्प्याने बदलत २०१६ मध्ये शेवटी हार्बर मार्गावरही २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती झाला. झिजेच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. ३००० किलोवॉट शक्ती घ्यायची, तर १५०० व्होल्टला २००० अँपिअर प्रवाह लागतो. २५,००० व्होल्टला ढोबळमानाने १२० अँपिअर पुरतात. त्यामुळे पूर्वी १९३ चौरस मिलिमीटर छेदाची जाड तार लागे, तिथे आता १०७ चौरस मिलिमीटरची तार पुरते.

पँटोग्राफवरील कार्बनची पट्टी तांब्याच्या तारेवर घासत जाते. इथेही करार तोच आहे. पट्टी शेडमध्ये थोड्या वेळात बदलता येते. तार बदलायची, तर वाहतूक थांबवून ब्लॉक घ्यावा लागतो आणि हजारो प्रवाशांचा खोळंबा होतो. म्हणून पट्टीने झिजायचे, तारेने नाही. पट्टीवर एकाच जागी खाच पडू नये, यासाठी तार रुळांच्या मध्यरेषेवर सरळ न ठेवता नागमोडी ठेवतात. सरळ मार्गावर ती दोन्ही बाजूंना २०० मिलिमीटरपर्यंत सरकवलेली असते. पुढच्या वेळी फलाटावरून वर पाहाल, तेव्हा ही युक्ती दिसेल. येथे झीज टाळलेली नाही, फक्त तिची समान वाटणी केली आहे.

या जोडीकडून आणखी दोन धडे मिळतात. पहिला : दाब कमी केला की झीज कमी होतेच असे नाही. पट्टीचा दाब फार कमी पडला, तर तारेशी संपर्क तुटतो, ठिणगी उडते आणि ती ठिणगी तांबे व कार्बन दोन्ही जाळते. दाब फार वाढवला, तर यांत्रिक झीज वाढते. सर्वांत कमी झीज या दोहोंच्या मधल्या दाबाला होते. दुसरा धडा हवेचा. कार्बन निसरडा असतो तो हवेतील बाष्पामुळे. दुसऱ्या महायुद्धात विमाने फार उंचीवर उडू लागली, तेव्हा त्यांच्या जनित्रांतील कार्बनचे ब्रश पाहता पाहता भुकटी होऊ लागले, कारण तिथली हवा अतिशय कोरडी होती. याउलट मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे घन वंगण निर्वात अवकाशात उत्तम चालते आणि दमट हवेत बिघडते. परदेशातील कोरड्या हवेत उत्तीर्ण झालेला पदार्थ खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत आणि आपल्या चार महिन्यांच्या पावसात तसाच वागेल, असे मानता येत नाही. त्याची चाचणी इथल्या हवेत घ्यावी लागते.

७. लेप : पातळ चिलखत

संपूर्ण भाग महागड्या कठीण पदार्थाचा करण्याऐवजी केवळ पृष्ठभागाला चिलखत घालावे, हा लेपनामागील विचार. लेथच्या कामातील सोनेरी ड्रिल अनेकांनी पाहिले असेल. तो सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडचा. थर अवघ्या काही मायक्रॉनचा, पण काठिण्य विकर्स मापनात २००० च्या पुढे. उत्तम कडक केलेले हत्यारी पोलाद ८०० च्या आसपास असते. झिजलेले दांडे आणि रोलर पुन्हा उभे करण्यासाठी टंगस्टन कार्बाइड-कोबाल्टचा लेप तप्त वायूच्या वेगवान झोतातून फवारतात. तो मिलिमीटरच्या काही दशांशांपर्यंत जाड असू शकतो. हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप कठीणही असतो आणि निसरडाही.

लेप निवडताना काठिण्यावर भुलू नये. कुडाच्या मऊ भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा केला, तर भिंत दबताच गिलाव्याचे पोपडे सुटतात. मऊ धातूवरील अतिकठीण लेपाचे असेच होते. आणि सुटलेला कठीण पोपडा हा सर्वांत वाईट तिसरा पदार्थ ठरतो. लेप नसता तर भाग जितका टिकला असता, त्याहून लवकर तो निकामी होतो. म्हणून लेपाखालचा आधार पुरेसा कणखर हवा, लेप त्याला घट्ट चिकटलेला हवा आणि पृष्ठभाग लेपनापूर्वी निर्दोष स्वच्छ केलेला हवा. हे शेवटचे काम बहुधा सर्वांत कमी पगाराच्या कामगाराकडे असते, आणि लेपाचे यश त्याच्याच हाती असते.

८. भुकटी कुठे जाते?

झीजदराचा आकडा कागदावर संपतो, झिजलेला पदार्थ मात्र नाहीसा होत नाही. तो कुणाच्या तरी श्वासात, पाण्यात किंवा मातीत जातो.

ब्रेकच्या संमिश्रांत कित्येक दशके ॲस्बेस्टॉसचे तंतू वापरले गेले. ते स्वस्त, बळकट आणि उष्णतेला दाद न देणारे होते. झिजेच्या कसोटीवर त्यांच्यात खोट काढणे कठीण होते. खोट होती ती माणसाच्या फुप्फुसाच्या कसोटीवर. श्वासावाटे गेलेले सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी ॲस्बेस्टॉसिस वा कर्करोग म्हणून प्रकट होतात. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो आणि कारखान्याच्या दप्तरी त्याच्या खोकल्याची नोंद नसते. नेमका हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात २७ जानेवारी १९९५ रोजी हाताळला. कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला. युरोपीय संघाने २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. भारतात त्याचा वापर अजून पूर्णपणे थांबलेला नाही.

क्रोमच्या मुलाम्याचीही अशीच कथा आहे. कठीण क्रोमचा लेप झिजेला उत्तम तोंड देतो, पण तो ज्या हौदात चढवतात, त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. फवारलेल्या कार्बाइडसारखे पर्याय पुढे आले, त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

गॅरेजमध्ये, कारखान्यात वा शेडमध्ये काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना म्हणून एक कळकळीची सूचना. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने किंवा फुंकर मारून कधीही उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा किंवा योग्य गाळणीच्या व्हॅक्यूमने ओढून घ्या. अस्तर घासताना किंवा कापताना केवळ रुमाल पुरत नाही, कणांसाठी बनवलेला मास्क मागून घ्या. ते कपडे तसेच घरी नेऊन मुलांच्या कपड्यांत धुऊ नका. वस्तूवर काय लिहिले आहे ते वाचा, आणि काहीच लिहिले नसेल तर विचारा.

९. शाळेत करण्याजोगे दोन प्रयोग

एक. लाकडी फळीवर ठोकळा ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा सरकू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची उंची भागिले त्याखालच्या जमिनीवरील अंतर, हा स्थिर घर्षणांक. ठोकळ्याच्या तळाला आलटून पालटून सुती कापड, प्लास्टिकची पिशवी आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून आकडे नोंदवा. मग ठोकळ्यावर वजन ठेवून पाहा. आमाँतोंचा पहिला नियम हाती लागेल.

दोन. खडूचे टोक सपाट करा. तो पॉलिशपेपरवर उभा धरून वरून २०० ग्रॅमचे वजन ठेवा आणि २० सेंटिमीटरचे ५० फटकारे मारा. एकूण दहा मीटर झाले. खडूची लांबी आधी आणि नंतर मोजा. नव्या पॉलिशपेपरवर ४०० ग्रॅमने तोच प्रयोग करा. झीज दुप्पट झाली का? जुना, खडूने भरलेला पॉलिशपेपर वापरला तर काय होते? ही दुसरी नोंद तिसऱ्या पदार्थाचा अर्थ कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगला समजावून देईल. तोंडाला रुमाल बांधा आणि शेवटी धूळ ओल्या फडक्याने पुसा. सवय इथूनच लागावी.

समारोप

दोन पृष्ठे एकमेकांवर घासणार असतील, तर झीज अटळ आहे. अभियंता तिला नाहीशी करत नाही, तिची वाटणी ठरवतो. ब्लॉक झिजतो म्हणून चाक टिकते. पट्टी झिजते म्हणून तार टिकते. ही वाटणी योग्य ठरण्यासाठी तीन अटी आहेत. जे झिजायचे ते स्वस्त आणि बदलता येण्याजोगे असावे. त्याची झीज कुणीतरी ठरलेल्या दिवशी, प्रामाणिकपणे मोजावी. आणि त्यातून निघालेली भुकटी माणसाच्या अंगावर जाऊ नये. पहिली अट बहुतेक जण पाळतात, कारण तिच्यात पैसा वाचतो. दुसरी मापकाने जाडी तपासणाऱ्या कामगाराच्या निष्ठेवर चालते. तिसरी मात्र मागावी लागते, आणि ती मागण्यासाठी विषय समजलेला असावा लागतो. यंत्राचा सुटा भाग दुकानात मिळतो. त्या यंत्रापाशी उभा असलेला माणूस बदलता येण्याजोगा भाग नाही, हे ज्याला कळले, त्याला या शास्त्राचे मर्म कळले.

कळव्याहून सुटणारी पुढची लोकल ब्रेक लावील, तेव्हा खालच्या ब्लॉकचा आणि वरच्या पट्टीचा एक अतिसूक्ष्म थर झिजलेला असेल. तो किती, कशामुळे आणि कुठे गेला, हे विचारणारे विद्यार्थी या शाळेतून घडोत, ही सदिच्छा.